फोनचं नेट वाटून घेताना

वीज गेली की घरातला राऊटर त्याच क्षणी बंद पडतो. मोबाइलचा टॉवर मात्र बॅटरीवर, नाहीतर डिझेल जनरेटरवर, पुढे काही काळ तग धरतो. प्रवेश अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत आहे, साडेदहाला दिवे गेलेत आणि लॅपटॉपमध्ये तासाभराची बॅटरी शिल्लक आहे, अशा वेळी फोनचं नेट लॅपटॉपला देता आलं तर अर्ज वेळेत जातो. नोकरीची ऑनलाइन मुलाखत असो, गावी आलेल्या लेकीला ऑफिसची फाइल पाठवायची असो, की आजोबांच्या टॅबवर कीर्तन लावून द्यायचं असो, असंख्य घरांत हा प्रकार आता रोजचा झाला आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०१० साली आलेल्या ‘फ्रोयो’ आवृत्तीपासून आहे, आयफोनवर वाय-फायमधून नेट वाटणं २०११ साली सुरू झालं. म्हणजे आज हातात असलेल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती आहेच. तरीही तक्रारी त्याच त्या ऐकू येतात. जोडलं जातं पण नेट चालत नाही, अर्ध्या तासात दिवसाचा डेटा संपतो, फोन तापतो, ऐन बोलण्यात संपर्क तुटतो. या तक्रारींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. हॉटस्पॉट म्हणजे एक बटण, ते दाबलं की झालं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बटण दाबल्यावर फोन राऊटरचं काम करू लागतो. टॉवरकडून आलेला डेटा घ्यायचा, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला अंतर्गत पत्ता द्यायचा, कोणी काय मागितलं ते लक्षात ठेवून उत्तर बरोबर त्याच यंत्राकडे पोहोचवायचं, हे सगळं तो एका लहानशा बॅटरीवर करत असतो. त्याला कुठे ठेवायचं, कोणाला जोडू द्यायचं आणि कोणत्या कामाला कोणता मार्ग वापरायचा, एवढं ठरवलं तरी अर्ध्याहून अधिक तक्रारी मिटतात.

चालू करण्याची जागा शोधायला फार कष्ट पडत नाहीत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क आणि इंटरनेट’खाली ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’ असतं. सॅमसंगमध्ये ते ‘कनेक्शन्स’मध्ये सापडतं, शाओमीच्या फोनमध्ये ‘पोर्टेबल हॉटस्पॉट’ या नावाने. आयफोनमध्ये ‘पर्सनल हॉटस्पॉट’मध्ये जाऊन ‘अलाउ अदर्स टू जॉइन’ चालू करायचं. आयफोनच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पहिल्यांदा जोडताना पर्सनल हॉटस्पॉटचं ते पान उघडंच ठेवावं लागतं. ते बंद करून फोन खिशात टाकला तर समोरच्या लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव कित्येकदा दिसतच नाही, आणि मग दोष लॅपटॉपला दिला जातो.

पासवर्ड मोठ्याने सांगत बसण्याचीही गरज नाही. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर क्यूआर कोड मिळतो, समोरच्याने तो कॅमेऱ्याने टिपला की जोडणी होते. दहाजण बसलेल्या खोलीत पासवर्ड ओरडून सांगण्यापेक्षा हे कधीही बरं.

वाय-फाय, केबल आणि ब्लूटूथ

नेट वाटण्याचे मार्ग तीन आहेत आणि बहुतेक लोक त्यातला पहिलाच वापरतात. वाय-फाय हॉटस्पॉट सोयीचा आहे यात शंका नाही. एकाच वेळी अनेक यंत्रं जोडता येतात आणि फोन एका खोलीत, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत असला तरी चालतं. पण एकच लॅपटॉप जोडायचा असेल आणि काम महत्त्वाचं असेल, तर यूएसबी केबलला तोड नाही.

केबलने जोडल्यावर फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये हवेतून काहीच जात नाही. शेजारच्या बारा घरांचे राऊटर, ब्लूटूथचे हेडफोन, मायक्रोवेव्ह यांच्या गोंगाटाचा त्या दोघांमधल्या संवादावर परिणाम होत नाही. शिवाय लॅपटॉपकडून फोन थोडाफार चार्ज होत राहतो. ऑनलाइन परीक्षा, मुलाखत किंवा बँकेचं काम असेल तर पहिला विचार केबलचाच व्हावा. करायचं इतकंच की फोन लॅपटॉपला जोडायचा आणि मग हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. केबल न जोडता ते बटण दाबायला गेलं तर ते फिकटच दिसतं. केबल जोडूनही फिकट दिसलं तर संशय केबलवर घ्यावा. बाजारात, विशेषतः पॉवर बँकेबरोबर, अशा केबल मिळतात ज्यांत फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला फोन जोडल्याचं कळतच नाही. फोनच्या खोक्यातून आलेली मूळ केबल जपून ठेवण्याचं हे एक ठोस कारण आहे.

विंडोजच्या लॅपटॉपला आयफोन केबलने जोडायचा असेल तर त्यावर ॲपलचं आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’ आधी टाकलेलं लागतं, आणि फोनवर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असं विचारलं जातं तेव्हा होकार द्यावा लागतो. ही तयारी ऐन वेळी होत नाही, कारण ते सॉफ्टवेअर उतरवायलाच नेट लागतं. उलट बाजूने, ॲपलच्या मॅकला अनेक अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग ओळखता येत नाही. तिथे वाय-फायच वापरावं.

यूएसबीचा आणखी एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. घरात जुना डेस्कटॉप संगणक आहे, त्यात वाय-फायचं कार्डच नाही आणि राऊटर दुसऱ्या खोलीत आहे, अशी परिस्थिती पुष्कळ घरांत असते. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडून तो केबलने त्या संगणकाला लावला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं, की घरचंच नेट फोनमधून संगणकाला मिळतं. सिमचा एक एमबीही खर्च होत नाही.

ब्लूटूथ हा तिसरा मार्ग. वेग कमी, साधारण एक-दोन एमबीपीएसच्या आसपास, म्हणून व्हिडिओसाठी त्याचा विचार करू नये. पण ईमेल बघायची आहे, सातबारा उतरवायचा आहे, टॅबवर एखादा मजकूर वाचायचा आहे आणि फोनची बॅटरी वीस टक्क्यांवर आली आहे, तर ब्लूटूथ फोनला बराच वेळ जिवंत ठेवतो.

वाय-फायने वाटताना एक निवड करावी लागते, ती म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ की ५ गिगाहर्ट्झ. पाचचा पट्टा वेगवान असतो, पण भिंती ओलांडताना त्याचा जोर लवकर संपतो. अडीचच्या आतला पट्टा लांब पोहोचतो, मात्र शहरी इमारतीत तिथे फार गर्दी असते. समोरचा लॅपटॉप टेबलावर शेजारीच असेल तर पाच निवडावा. जुना लॅपटॉप, वाय-फायवर चालणारा प्रिंटर, घरावर लक्ष ठेवणारा स्वस्त कॅमेरा यांना पाचचा पट्टा दिसतच नाही, तेव्हा २.४ वर यावं लागतं. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये यासाठी ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ असा पर्याय आहे. तो चालू केला की फोन २.४ वर येतो. ‘माझ्या लॅपटॉपला सगळ्यांचे हॉटस्पॉट दिसतात, फक्त तुझाच दिसत नाही’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

फोन कुठे ठेवावा

२०२० च्या टाळेबंदीत कॉलेजचे वर्ग फोनवर आले तेव्हा सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला घरात रेंज मिळेना. तिच्या भावांनी डोंगरावर, जिथे रेंज येत होती तिथे, तिच्यासाठी झोपडी उभी केली आणि ती पावसापाण्यात तिथे बसून शिकली. ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली. रेंज ही गावाला मिळते असं म्हणायची पद्धत असली तरी ती प्रत्यक्षात जागेला मिळते, आणि कधीकधी खिडकीच्या एका कोपऱ्याला.

हॉटस्पॉटचा मोठा फायदा इथेच आहे. माणसाला खिडकीत जाऊन बसावं लागत नाही, फोनला बसवता येतं. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि कुठल्याही गावातली पत्र्याची छपरं मोबाइलच्या लहरींना अडवतात; पत्रा तर त्या परतवूनच लावतो. माजघरात एकही काडी दिसत नसेल आणि पडवीच्या खिडकीत दोन-तीन काड्या येत असतील, तर फोन त्या खिडकीत ठेवावा, हॉटस्पॉट २.४ वर करावा आणि लॅपटॉप घेऊन आत बसावं. आठ-दहा मीटरपर्यंत, मधे एखादी भिंत असली तरी, बहुतेक वेळा काम होतं. अशा ठिकाणी केबलचा आग्रह सोडून द्यावा. फोन लॅपटॉपच्या शेजारी आणला की केबल चांगली असूनही नेट मात्र मिळत नाही.

काड्या मोजून फसायला होतं हेही खरं. चार काड्या दिसत असूनही नेट रडत असेल तर टॉवरवर गर्दी असते, संध्याकाळी सात ते अकरा हा तर गर्दीचाच वेळ. घरात दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्यावरून हॉटस्पॉट देऊन पाहावं. घरातल्या दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणं हा खेड्यात आणि शहरातही सर्वात स्वस्त विमा आहे.

रेल्वेत मात्र फारसं काही हातात नसतं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणारे नाशिककर कसारा घाटात लॅपटॉप बंद करतात, मुंबई-पुणे प्रवासी खंडाळ्याच्या बोगद्यांत करतात. गाडी धावत असताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जात राहतो आणि बोगद्यात कोणीच नसतो. लागणाऱ्या फाइली निघण्याआधी उतरवून घ्याव्यात आणि घाटाच्या वेळेत बैठक ठरवू नये, एवढंच.

दिवसाचा दीड जीबी कुठे जातो

आता खर्चाचा भाग, आणि या लेखातला सर्वात महत्त्वाचा. घरचं ब्रॉडबँड म्हणजे नळाचं पाणी असेल तर फोनचा डेटा टँकरचं पाणी आहे. अडचण अशी की लॅपटॉप, टीव्ही आणि दुसऱ्याचा फोन यांना हा फरक कळत नाही. त्यांना फक्त एवढंच दिसतं की वाय-फाय मिळालं, आणि वाय-फाय मिळालं की जी कामं त्यांनी अडवून ठेवलेली असतात ती एकदम सुरू होतात. विंडोज अद्ययावत आवृत्ती उतरवू लागतं, वनड्राइव्ह फाइली जुळवू लागतं, पाहुण्याच्या फोनमधले लग्नाचे फोटो गुगल फोटोजवर चढू लागतात, व्हॉट्सॲप सगळ्या गटांतले व्हिडिओ आपोआप उतरवतं, कारण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये वाय-फायवर सगळं उतरवायला परवानगी असते. समोरचा माणूस फक्त एक ईमेल पाठवत असतो आणि पाठीमागे पाचशे एमबी निघून जातात.

यावर उपाय जोडलेल्या यंत्रातच करायचा असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, वाय-फाय, मग जोडलेल्या हॉटस्पॉटची माहिती उघडली की ‘मीटर्ड कनेक्शन’ असं एक बटण दिसतं. ते चालू केलं की विंडोज मोठी अद्यतनं थांबवून धरतं. मॅकमध्ये आणि आयफोनमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात ‘लो डेटा मोड’ आहे. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या नावावर बोट ठेवून आत गेलं की ते नेटवर्क ‘मीटर्ड’ समजायचं का हे ठरवता येतं. फोनचं नेट असल्याचं काही यंत्रं स्वतःहून ओळखतात, पण त्यावर विसंबून राहू नये. एकदा केलेलं हे सेटिंग त्या हॉटस्पॉटच्या नावापुरतं कायम राहतं, त्यामुळे हॉटस्पॉटचं नाव वरचेवर बदलू नये. बदललं तर लॅपटॉप त्याला नवीन वाय-फाय समजतो आणि सगळी शिस्त विसरतो.

व्हिडिओचा हिशेब साधा आहे. एक एमबीपीएस वेगाने तासभर काही चालू राहिलं तर ४५० एमबी जातात. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-केमध्ये ७ जीबीपर्यंत आणि मध्यम दर्जावर ०.७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असलेल्या फोनचं नेट स्मार्ट टीव्हीला देऊन क्रिकेटचा सामना याच एचडी दर्जात लावला, तर पॉवर प्लेची षटकं संपतात न संपतात तोच डेटाही संपतो. टीव्हीची ॲप मिळेल तेवढा उत्तम दर्जा स्वतःच निवडतात. टीव्हीला हॉटस्पॉट द्यायचाच असेल तर आधी ॲपमध्ये जाऊन चित्राचा दर्जा खाली आणावा. बत्तीस इंची टीव्हीवर लांबून बघताना मध्यम दर्जा फारसा खटकत नाही.

व्हिडिओ बैठकांना त्या मानाने कमी लागतं. झूमवर दोघांच्या बोलण्याला चांगल्या दर्जासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे ६०० केबीपीएस लागतात. तासाला साधारण ५४० एमबी. कॅमेरा बंद करून फक्त बोललं तर तोच खर्च तासाला ७५ एमबीच्या आत येतो. तीन तासांचं प्रशिक्षण ऐकायचं असेल तेव्हा कॅमेरा बंद ठेवण्याची परवानगी आधीच मागून घ्यावी.

दिवसाचा डेटा संपला की आपल्याकडच्या बहुतेक प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा वेग म्हणजे नेमका किती, हे एकदा करून पाहण्यासारखं गणित आहे. ५ एमबीची एक पीडीएफ पोहोचायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि पूर्ण तासात २९ एमबीही पूर्ण जात नाहीत. अर्जाबरोबर फोटो, सही आणि गुणपत्रिका चढवायच्या असतील तर या वेगात संकेतस्थळ वाट पाहून थकतं आणि सगळं पहिल्यापासून भरायला लावतं. अशा वेळी थोड्या पैशांत मिळणारा जास्तीचा डेटा पॅक घ्यावा, वाट बघू नये.

‘माझ्याकडे तर अमर्याद फाइव्ह-जी आहे’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. जुलै २०२४ च्या दरवाढीच्या वेळी जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या प्लॅनशी जोडलं. पण ती सवलत फोन फाइव्ह-जीवर असेपर्यंतच असते. घराच्या आतल्या खोलीत फोन गुपचूप फोर-जीवर घसरतो आणि त्या क्षणापासून रोजच्या २ जीबीतून कापणी सुरू होते. लॅपटॉपवर बसलेल्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या पडद्यावर फक्त वाय-फायचं चिन्ह असतं. मोठं काही उतरवायचं असेल तर फोन डोळ्यांसमोर, खिडकीपाशी ठेवावा आणि वरच्या पट्टीत ‘फाइव्ह-जी’ टिकून आहे ना हे अधूनमधून पाहावं.

किती गेला हे फोनच सांगतो. अँड्रॉइडच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटचा वेगळा हिशेब असतो, आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’खाली पर्सनल हॉटस्पॉटचा असतो.

ऐन वेळी तुटणारं नेट

दोन सिमच्या फोनमध्ये एक छुपी अडचण आहे आणि तिने अनेकांच्या मुलाखती मोडल्या आहेत. नेट पहिल्या सिमवर चालू आहे, लॅपटॉपवर मुलाखत रंगात आली आहे आणि दुसऱ्या सिमवर आत्याचा फोन येतो. उचलला तर पहिल्या सिमचा डेटा त्या वेळेपुरता थांबतो, कारण बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर आळीपाळीने काम करतात. लॅपटॉपवरचा चेहरा गोठतो. अनेक फोनमध्ये ‘डेटा ड्युरिंग कॉल्स’ किंवा तत्सम नावाचं सेटिंग असतं, आयफोनमध्ये मोबाइल डेटाखाली ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’. ते आधीच चालू करून ठेवावं. त्याहून सोपं म्हणजे मुलाखतीच्या तासापुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद करावं. घरच्यांना तसं सांगून ठेवलं की झालं.

दुसरं कारण फोनच्या झोपेत असतं. काही मिनिटं कोणी जोडलेलं नसलं की अनेक फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. बॅटरी वाचवायला ही सोय चांगली आहे, पण लॅपटॉप दहा मिनिटं झोपवून पुन्हा उघडला की नेट गायब झालेलं असतं. हॉटस्पॉटच्या पानावर ‘आपोआप बंद करा’ हा पर्याय असतो. दिवसभर काम असेल तर तो काढावा आणि काम संपल्यावर आठवणीने परत लावावा. बॅटरी सेव्हरही काही फोनमध्ये हॉटस्पॉटची गळचेपी करतो.

आणि तिसरं कारण उष्णता. हॉटस्पॉट, चार्जिंग आणि फाइव्ह-जी ही तिन्ही कामं एकत्र आली की फोन तापतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असं ॲपल सांगते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पंख्याखालच्या खोलीतही ही मर्यादा ओलांडलेली असते. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, वेग पाडतो आणि शेवटी काम करणंच थांबवतो. खिडकीत फोन ठेवताना ऊन त्याच्यावर येणार नाही अशी बाजू निवडावी, कव्हर काढावं, गादी किंवा उशीवर ठेवू नये. फरशी, लादी, लोखंडी कपाटाचा वरचा भाग चालतो. गाडीच्या डॅशबोर्डवर काचेमागे हॉटस्पॉट चालू ठेवून जेवायला उतरणं टाळावं. फ्रिजमध्ये फोन ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. बाहेर काढल्यावर आत ओल धरते.

रोज तास-दोन तास हॉटस्पॉट लागत असेल तर बॅटरी त्यात झिजते. घरातला जुना पण धड चालणारा फोन वेगळं सिम घालून कोपऱ्यात हॉटस्पॉट म्हणून ठेवणारी घरं आहेत. त्यांनी त्याची बॅटरी फुगत तर नाही ना हे मधूनमधून पाहावं. रोजचीच गरज असेल आणि आपल्या भागात सेवा असेल तर घरात बसवायचं फाइव्ह-जीवरचं ‘एअरफायबर’ हा जास्त योग्य पर्याय आहे. एअरटेलने तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई आणि दिल्लीत आणला, जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला मुंबई आणि पुण्यासह आठ शहरांत.

पासवर्ड, आणि सानपाड्याचा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरच्या जोडणीपर्यंत पोहोचला. ईमेल त्याने पाठवला नव्हता. त्याचं वाय-फाय वापरून कोणीतरी पाठवला होता. त्याच वर्षी पुढच्या ईमेलसाठी माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या त्या या पार्श्वभूमीवर.

हे सगळं राऊटरचं असलं तरी फोनला तंतोतंत लागू आहे. सिम आपल्या नावावर असतं, ओळखपत्र देऊन घेतलेलं असतं. आपल्या हॉटस्पॉटवरून कोणीही काहीही केलं तरी बाहेरच्या जगाला तो पत्ता आपल्याच फोनचा दिसतो, आणि पोलिसांचा पहिला फोन आपल्याला येतो. म्हणून हॉटस्पॉट कधीही विना पासवर्ड ठेवू नये, सेकंदभराच्या सोयीसाठीसुद्धा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ ठेवावा. जुना लॅपटॉप डब्ल्यूपीए-३ वर जोडत नसेल तर २ वर यावं, त्याखाली नको. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, म्हणून अनेक जण एक ते आठ आकडे ओळीने टाकतात, आणि ट्रेनच्या डब्यात कोणीही पहिला प्रयत्न त्याचाच करतो. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहावेत, कढीपत्ता, रिक्षा, पाऊस, बावीस असे काहीतरी. लक्षात राहतात आणि सहज ओळखता येत नाहीत.

हॉटस्पॉटच्या नावात आपलं नाव, आडनाव, फ्लॅट क्रमांक असू नये. आयफोनमध्ये हॉटस्पॉटला फोनचंच नाव मिळतं, ते ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन बदलावं. आणि पाहुणे गेल्यावर, प्रवास संपल्यावर पासवर्ड बदलावा. जुना पासवर्ड माहीत असलेले सगळे आपोआप बाहेर पडतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्यांची यादी हॉटस्पॉटच्या पानावर दिसते, अनोळखी नाव दिसलं तर तिथूनच त्याला अडवता येतं.

एक गैरसमजही दूर करायला हवा. फोनवर व्हीपीएन चालू असलं तरी हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला त्याचं संरक्षण सहसा मिळत नाही. ऑफिसच्या कामासाठी ते लागत असेल तर लॅपटॉपवर स्वतंत्र चालू करावं. तरीही बँकेचं काम करायचं असेल तर हॉटेल किंवा स्टेशनच्या खुल्या वाय-फायपेक्षा आपल्या फोनचा हॉटस्पॉट केव्हाही बरा.

जोडलं गेलं पण नेट येत नाही, अशी वेळ आली तर घाई न करता एक क्रम धरावा. आधी फोनवरच एखादं पान उघडून पाहावं. तिथेच उघडत नसेल तर दोष सिमचा किंवा रेंजचा, लॅपटॉपला हात लावण्यात अर्थ नाही. फोनवर चालत असेल तर दिवसाचा डेटा तपासावा. मग विमान मोड दहा सेकंद लावून काढावा. तरी नाही तर लॅपटॉपमधून त्या वाय-फायचं नाव विसरायला सांगून पुन्हा पासवर्ड टाकावा. फोनवर नेट आहे, लॅपटॉपवर कशानेच नाही, आणि फोन नुकताच बदलला किंवा सिम नव्या कंपनीत नेलं असेल, तर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणजे एपीएनची सेटिंग मूळ पदावर आणावी. बहुतेक वेळा इथपर्यंत यायची वेळ येत नाही.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडे हॉटस्पॉटचा डेटा फोनच्याच डेटातून जातो, त्यामुळे त्याचा वेगळा विचार करायची सवय नसते. अमेरिकेत मात्र अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये फोनवरचा वापर अमर्याद असला तरी हॉटस्पॉटसाठी वेगळी मर्यादा असते, आणि ती ओलांडली की लॅपटॉपचं नेट फार हळू होतं. प्रवासासाठी मिळणाऱ्या काही ई-सिमवर हॉटस्पॉट चालतच नाही. सिम घेताना किती जीबी हे विचारण्याबरोबरच हॉटस्पॉटला परवानगी आहे का आणि किती जीबीपर्यंत, हेही विचारून घ्यावं. भारतातल्या सिमवर रोमिंग पॅक घेऊन जात असाल तर लॅपटॉप जोडण्याआधी त्यावरचं मीटर्ड कनेक्शन चालू आहे की नाही ते इथेच, घरच्या वाय-फायवर असताना, तपासून निघावं.